म्हातारी मान हलवत होती

"त्या घराला गिऱ्हाईक मिळतं हो, पण आतली म्हातारी..." भिंतीपलीकडून बायकांचं एवढंच ऐकू आलं आणि त्या गप्प झाल्या. मी कान लावला की नेमक्या गप्प होतात, काय करणार! त्या अर्धवट बातमीनं मला आठवडाभर चैन पडलं नाही. पुढचं कळलं ते आपल्या टेलरमास्तरकडून. हसू नका रे पोरांनो, जरा सरकून बसा.

मास्तरची बायको आठव्या महिन्यात, आणि महिनाअखेर भाड्याची खोली सोडायची होती. माझ्या दारासमोरचं ते घर स्वस्तात निघालं होतं. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेनऊ. मास्तर भाव करायला गेला. मालक एकटाच, खुर्चीवर मांडी घालून बसलेला. मास्तरला त्यानं कॉटवर बसवलं.

सौद्यात मास्तर पक्का. मला नेहमी म्हणतो, "काका, बोलणाऱ्याकडे बघायचंच नाही. घरात जे गप्प असतं ना, भाव त्याच्या हातात." तसं माणूस त्याला दिसलंही. मालकाच्या पाठीमागे, आतल्या दारात एक म्हातारी. खाली बघत उभी.

मालकानं बावीस लाख सांगितले.

"अठरा," मास्तर म्हणाला.

म्हातारीनं मान हलवली. नाही.

"बरं, एकोणीस."

मालक हो म्हणायला तोंड उघडतोय, तेवढ्यात पुन्हा मान हलली. नाही.

"वीस घ्या. घरी बायको अवघडलेली, म्हणून म्हणतो."

नाही.

मालक चक्रावला. न मागता भाव चढतोय!

"घ्या, बावीस! तुमचाच आकडा. आता तरी आईंना पटू दे."

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण आई?"

"त्या काय, तुमच्या मागे..."

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. डोळे गच्च मिटले.

"तिला जाऊन... सहा वर्षं झाली."

...

म्हातारी अजून मान हलवत होती. भराभर. आणि मास्तरच्या लक्षात आलं, ती पैशाला नाही म्हणतच नव्हती. त्याच्याकडे बघतही नव्हती.

कॉटखाली बघत होती.

मालक पुटपुटला, "मास्तर... पाय वर घ्या."

उशीर झाला होता.

काहीतरी गार. घोट्यापाशी.

घट्ट...

माझ्या दारात आला तो अनवाणी. पाणी दिलं, ते निम्मं अंगावर सांडलं. सौदा मोडला तो मोडलाच. आता बाळ, बाळंतीण आणि तो, तिघं दुकानाच्या पोटमाळ्यावर राहतात.

मग मीच त्या बायकांना गाठून विचारलं. म्हणाल्या, म्हातारी घर विकू देत नाही. अर्धंच खरं आहे ते. म्हातारी आहे, अडवतेही. पण घरासाठी नाही, येणाऱ्या माणसासाठी. कशापासून वाचवते, ते मालकाला विचारा. तो बोलत नाही.

त्या रात्री मास्तरच्या घोट्यावर पाच बोटांचे वळ मी या डोळ्यांनी पाहिले. काळेनिळे. म्हटलं, चार दिवसांत जातील.

परवा पायजम्याचं माप द्यायला गेलो, तेव्हा त्यानं दुकानाचं दार लावून घेतलं. पाय दाखवला.

घोटा स्वच्छ होता.

वळ आता गुडघ्याशी आलेत.