सहाव्या खोलीतली झोप

सहाव्या खोलीत पाहुणे यायला अजून चार तास होते आणि त्यांच्या पलंगावर सुगंधाबाई मडावी गाढ झोपल्या होत्या. अंगाखाली पांढरीशुभ्र चादर, हातात उशीचा अभ्रा तसाच. केतकी मोघे दारात थबकली. ती पुण्याहून खोल्यांची शांतता मोजायला आली होती. साफसफाई करणाऱ्या बाईंचं घोरणं मोजणं तिच्या कामात बसत नव्हतं.

जंगलातल्या पर्यटक निवासांना तारेचं कुंपण घालायला बंदी आली, तेव्हा केतकीच्या कंपनीने नादकुंपण तयार केलं. आवाराभोवती बारा खांब. त्यांतून अवश्राव्य नाद निघायचा, म्हणजे कानाला ऐकूच येणार नाही इतका खालचा. अस्वलाला, बिबट्याला तो छातीत जाणवायचा आणि बेचैन होऊन ते वाट बदलायचे. खोल्यांच्या भिंती मात्र उलट्या लहरी सोडून हा नाद मारून टाकायच्या. त्यामुळे इथे खिडक्यांना गज नव्हते, तरी माणसं तान्ह्या मुलासारखी झोपायची. एका पाहुण्याने तर अभिप्रायाच्या वहीत लिहिलं होतं, लग्नानंतर प्रथमच इतका झोपलो. अशा भिंती अर्थात पाहुण्यांच्या खोल्यांनाच होत्या.

सुगंधाबाई दचकून उठल्या. "माफ करा जी मॅडम. आमच्या टोल्यावर झोपच येत नाही. इथं आली का डोळे मिटतेत."

टोला म्हणजे त्यांची टेकडीपलीकडची वीस घरांची वस्ती.

"कधीपासून?"

"तीन महिने झाले. कोणालेच येत नाही. म्हशी पान्हा चोरतेत, भाऊ भावाच्या अंगावर जाते. आमची सून वनिता तवाच घरात आली. सारे म्हणतेत, पोरगी पांढऱ्या पायाची. आज दुपारी बैठक आहे, तिले माहेरी धाडाची."

"तुम्हाला काय वाटतं?"

बाई अभ्र्याच्या सुरकुत्या काढत राहिल्या. "मलेबी तसंच वाटाले लागलं जी."

तीन महिने ऐकून केतकीने मनात तारखा जुळवल्या. तेव्हाच एका पाहुण्याला व्हरांड्यासमोर अस्वल दिसलं होतं आणि तिने पुण्यात बसून नाद वाढवून दिला होता. टोला दीड किलोमीटर लांब, तिथवर काही पोचणार नाही, असं तिचं गणित होतं. पलीकडच्या कड्यावरून नाद परतेल, हे तिने धरलंच नव्हतं. तिने मोजणीयंत्र उचललं आणि बाईंबरोबर निघाली.

टोल्यावर चिंचेखाली माणसं जमली होती. केतकीने बाजूला यंत्र मांडलं. थोड्याच वेळात तिचं डोकं जड झालं, उगाच कशाचा तरी राग यायला लागला. सुगंधाबाई पाणी घेऊन आल्या तर ती खेकसली, "सारखं मधे मधे येऊ नका हो!" बोलली आणि तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असंच होते इथं," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या.

यंत्रानेही तेच सांगितलं. कड्यावर आपटलेला नाद नेमका टोल्यात उतरत होता. पाहुण्यांना आज खोल्यांबाहेर सोडू नका, असं व्यवस्थापकाला बजावून केतकीने फोनवरून खांब बंद केले. मग बैठकीत उभी राहून तिने सगळं उलगडून सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

मग एकजण आपल्या भावाच्या कपाळावरच्या जखमेकडे पाहून म्हणाला, "म्हंजे तो दगड म्या नाही मारला, खांबानं मारला." भाऊ हसला. कित्येक दिवसांत टोल्यावर कोणी हसलं नव्हतं. सुगंधाबाईंचा मुलगा दौलतही उठला. "म्याबी बायकोवर हात टाकला. तो माहा नव्हता, मशीनचा होता." माना डोलल्या. वनिता इथेच राहणार असं ठरलं, आणि सुगंधाबाईंनी सगळ्यांदेखत सुनेला जवळ घेतलं. केतकीला फार बरं वाटलं.

ती परत निघाली तेव्हा वनिता मागोमाग पायवाटेपर्यंत आली.

"खांब पक्के बंद झाले नं, मॅडम?"

"हो. टोल्याला त्रास होईल असे पुन्हा लावू देणार नाही."

वनिताने मागे वळून पाहिलं. चिंचेखाली दौलत मित्रांबरोबर हसत होता.

"आज साऱ्यायनं त्यायले माफ केलं," ती म्हणाली. "उद्या खांब बंद असूनबी त्यायचा हात उठला, तर तो बंद कराले मी कोणाले सांगू?"