मालक, घेऊ का?

"ओ साहेब! बूट! बूट काढा आधी!"

रुपा ओरडली तेव्हा तो मिरची वाळवायच्या पथारीच्या मधोमध उभा होता. नंदुरबारबाहेरच्या त्या मोकळ्या रानात लालभडक मिरची वाळत पसरली होती, आणि हा गृहस्थ काळे बूट घालून तिच्यातून चालत आलेला! त्याने घाईने बूट काढले, मिरचीच्या हाताने डोळा पुसला... आणि मग पुढची दहा मिनिटं नुसता शिंकत राहिला.

"माय वं! हाऊ ते आत्तेच रडाले लागना," मिरची उलथणारी कौसाबाई म्हणाली.

रुपाने तांब्याभर पाणी त्याच्या हातांवर ओतलं. एक डोळा मिटूनच तो म्हणाला, "मी ललित. नवापूरचा. तुमच्या खरेदीचा सॉफ्टवेअर एजंट बसवायला आलोय, ताई."

"बसवा. पण ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"ते तुम्ही ठरवा—डोळा उघडला की."

त्याने डोळा उघडला. लाल, पाणावलेला, हसरा. पुढे तिला तो डोळाच आठवायचा.

एजंट म्हणजे फोनमधलं एक शहाणं यंत्र. गावोगावचा माल बघायचं, भाव जुळला की स्वतःच सौदा करून पैसेही द्यायचं. रुपाचे वडील चुडामण आप्पा बराच वेळ ऐकून घेत बसले. मग त्यांनी एक मिरची नीट सुकलीय का ते पाहायला कानाजवळ हलवली, आतल्या बिया कशा वाजतात ते ऐकलं आणि म्हणाले, "दलालले हद नई दी, तर तोच मालक व्हई जास. रोजना पन्नास हजार. त्याना वर गयं, का माले इचारानं."

"मेसेज येईल, आप्पा."

"मेसेज कोण वाचस? बोलीसन इचारानं."

म्हणून ललितने स्वतःच्याच आवाजात वाक्य भरलं. मर्यादा ओलांडायची वेळ आली की आप्पांचा फोन वाजायचा आणि तो आवाज विचारायचा, "मालक, घेऊ का?" आप्पा रुबाबात सांगायचे, "घे," नाहीतर, "ऱ्हाऊ दे."

"दिवसातून तीनदा तुमचा आवाज ऐकावा लागतो," रुपा एकदा कुरकुरली.

"मग बदलू?"

"...मी कुठं तसं म्हटलं?"

"तुम्ही एकदा 'घे' म्हणून बघा ना."

"कशाला?"

"सहज..." तो म्हणाला आणि पुन्हा शिंकला. काम महिन्यात संपलं होतं, तरी तो दर शनिवारी 'तपासणीला' येत राहिला. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कौसाबाई न सांगता चहाचा तिसरा कप मांडू लागली.

फाल्गुनात आप्पांच्या छातीत कळ आली. सुरतच्या दवाखान्यात त्यांनी फोन उशीशी ठेवून घेतला होता. नळ्या लावलेल्या हाताने तो कानाला लावून पुटपुटायचे, "घे." नर्स रागवायची. ते हसायचे. "ज्याले इचारतस तो मालक, बेटा."

मंगळवारी ललितचा निरोप आला. 'मर्यादा पाच लाख केलीय. आता फोन येणार नाही. तू निवांत त्यांच्याजवळ बस.'

रुपाने तो निरोप तीनदा वाचला. आपली एवढी काळजी कुणालातरी आहे, या विचाराने तिचे डोळे भरून आले. तिने मर्यादा पुन्हा खाली आणायला सांगितलं नाही.

बुधवारी आप्पांनी विचारलं, "फोनले चार्जिंग शे ना?"

"आहे, आप्पा."

गुरुवारी म्हणाले, "आज काहीच इचारं नई?"

"माल आला नाही, आप्पा."

"फागुनमा? माल नई?" ते तिच्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे वळले. "चाली ऱ्हायनं मन्हाशिवाय. बरं शे."

शुक्रवारी सकाळी ते गेले.

तेरावं झाल्यावर ललित पथारीवर आला. या वेळी त्याने बांधावरच बूट काढले.

"माझ्यामुळे झालं का, रुपा?"

"नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं." ती मिरची निवडत राहिली. "पण त्यांचे शेवटचे तीन दिवस तू रिकामे केलेस. आणि मी खोटं बोलून ते तसेच ठेवले."

"मी तुझ्यासाठी केलं."

"माहीत आहे. म्हणूनच तर... परक्याने केलं असतं, तर भांडून मोकळी झाले असते."

तो हळूच म्हणाला, "तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो. माझ्याशी..."

"ऱ्हाऊ दे."

आप्पांचाच शब्द होता, आणि तसाच शांतपणे आला. ललितच्या चेहऱ्यावरून तिने नजर काढून घेतली, नाहीतर तिला तो शब्द परत घ्यावा लागला असता.

"मर्यादा पुन्हा पन्नास हजार कर," ती म्हणाली. "फोन त्याच नंबरवर येऊ दे. आता तो माझ्याकडे असतो."

त्याने तिथेच उभं राहून ते केलं. "आवाज बदलून देऊ? दुसऱ्या कुणाचा..."

"नको."

तो बांधावरून गेला. या वेळी शिंकला नाही. कौसाबाईने दोनच कप मांडले.

दुपारी फोन वाजला. रुपाने हात धुतले नव्हते. फोन कानाशी नेताना बोट गालाला लागलं आणि गाल जळजळला.

"मालक, घेऊ का?" ललितने विचारलं.

तिने दुसऱ्या हातातली मिरची कानाजवळ हलवली. बिया नीट वाजल्या.

"घे," ती म्हणाली.