वीतभर पाणी सोडून जाणारा चोर

"गेलं! पुन्हा गेलं!" ट्रकच्या हौद्यातून काकाचा गोलमटोल पुतण्या भोपळा किंचाळला. "काका, टाकी पुन्हा रिकामी!"

काका पाना टाकून धावला. सुट्टी लागल्यापासून त्याच्या जुन्या ट्रकच्या हौद्यात एक घर उगवत होतं. प्लायवूडच्या भिंती, घडीचं टेबल, बिजागरीवरचा पलंग आणि पलंगाखाली पाण्याची पांढरी टाकी. प्लॅस्टिक असं की आतलं पाणी बाहेरून दिसावं. उद्या सकाळी या घरातून सगळी पोरं डोंगरापलीकडे मुक्कामाला जाणार होती. तिथे नळ नाही, दुकान नाही. म्हणूनच भोपळ्याच्या आईने स्पष्ट बजावलं होतं, "टाकीत पाणी टिकलं तर पोरं येतील. नाहीतर भावोजी, तुम्ही एकटेच जा आणि दव चाटा!"

"चोर आहे चोर!" काका गरजला. "आणि कोण तेही मला ठाऊक आहे. शेजारचा पंक्चरवाला! दिवसभर ट्यूब बुडवायला पाणी लागतं त्याला."

"पुरावा?" वकिलाने विचारलं. हा काकाचाच मुलगा. आमटीत मीठ कमी पडलं तरी साक्षीदार बोलावणारा.

"त्याच्याकडे बादली आहे!"

"बादली आपल्याकडेही आहे, बाबा."

"तू माझा मुलगा आहेस की त्याचा?"

भोपळ्याची ताई मात्र पलंगाखाली पालथी पडून टाकी न्याहाळत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. घरीदारी ती शंका.

"काका, तुमचा चोर भारी शिस्तीचा आहे," ती आतूनच म्हणाली. "काल वीतभर पाणी उरलं, तिथे मी पेन्सिलने रेघ मारली. आजही पाणी बरोब्बर रेघेवर!"

"दयाळू असेल बिचारा," भोपळा म्हणाला.

"आणि परवा नळ गेला म्हणून टाकी अर्धीच भरली होती. तेव्हा थेंबही हलला नाही. चोराला काठोकाठ भरलेलीच टाकी का लागते?"

"शंके, डोकं खाऊ नकोस! आता शेवटची भरतो आणि झाकणाला कुलूप ठोकतो. तरीही पाणी गेलं, तर त्याला चारचौघांत जाब विचारणार!"

काकाची टाकी भरण्याची रीत ठरलेली होती. नळ सोडायचा. टाकीच्या माथ्यावरच्या हवेच्या नळीतून ट्रकखाली धार पडली, की "भरली!" म्हणून ओरडायचं, नळ बंद करायचा आणि सगळ्यांना चहाला आत हाकायचं. काम झाल्यावर कामापाशी रेंगाळणारा माणूस काकाला आळशी वाटे.

आजही धार पडली. "भरली! चला आत!"

"माझा खाऊ भोपळ्याला द्या," शंका म्हणाली. भोपळा बिचारा नाही कशाला म्हणेल?

ती आणि वकील ट्रकशेजारी उकिडवे बसले. कोणी आलं नाही. फक्त ती धार पडत होती आणि खालच्या गटाराच्या जाळीत गुपचूप नाहीशी होत होती.

"नळ बंद आहे ना रे?"

"घट्ट बंद."

"मग ही धार अजून कशी चालू?"

वकील हौद्यात चढला आणि तिथूनच ओरडला, "शंके! पाणी उतरतंय! कुलूप जसंच्या तसं, आणि पाणी उतरतंय!"

शंकाने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. उतरणं थांबलं. अंगठा काढला, पुन्हा सुरू! मग तीही वर चढली आणि हात नळीवरून सरकवत निघाली. ही नळी बसवण्याचं काम तिच्या बाबांचं. लोंबणारी सुतळी दिसली तरी त्यांचा घास अडतो. त्यांनी नळी छान वळवून फळीतून खाली उतरवली होती आणि धक्क्यांनी निसटू नये म्हणून तिचं दुसरं टोक टाकीत चांगलं हातभर खुपसलं होतं.

"अरे, शाळेतल्या माशांच्या टाकीचं पाणी असंच काढतात!" शंका ओरडली. "एक टोक पाण्यात, दुसरं खाली. नळी एकदा भरली की पाणी आपणहून वर चढून खाली पळतं. टोक उघडं पडेपर्यंत! म्हणून वीतभर उरतं!"

"सांगू या?"

"नुसतं सांगितलं तर म्हणतील, पोरखेळ. मुद्देमालासकट दाखवू!" तिने हौद्याच्या खिडकीतून बोंब ठोकली, "काका! चोर सापडला! ट्रकखाली आहे!"

काका पाना उगारून आला, बाबा छत्री घेऊन, आई हात पुसत. आरडाओरडा ऐकून पंक्चरवालाही कुंपणाशी आला.

"कुठाय तो?" काका ओणवा झाला.

"हा काय, तुमच्या नाकासमोर वाहतोय!"

शंकाने नळी वर ओढली, टोक झाकणाच्या जेमतेम खाली येईपर्यंत. नळीने मोठी ढेकर दिली आणि धार थांबली.

"जी धार पाहून तुम्ही 'भरली!' म्हणून ओरडायचात ना," वकील म्हणाला, "तिच्यातूनच टाकी रिकामी व्हायला लागायची, बाबा!"

बाबा छत्री मिटत पुटपुटले, "आणि नळी आत खुपसणारा मी."

"पण चोर कोण म्हणे?" पंक्चरवाल्याने विचारलं.

सगळे काकाकडे बघू लागले. काकाने कान पकडले. "चुकलं माझं. मी तुमच्यावर आळ घेतला होता."

"माझ्यावर? अहो, माझ्या घमेल्यातलं पाणी बघा एकदा! ते मी कधी बदललंय, असं वाटतं तुम्हाला?"

काकासकट सगळे खदखदून हसले. बाबांनी नळी कापून आखूड केली, टाकी पुन्हा काठोकाठ भरली, आणि या वेळी सगळे तिच्याभोवती ठाण मांडून बसले. पाणी तसूभरही हललं नाही.

"शाबास गं!" बाबा म्हणाले. "दोन शहाण्यांनी मिळून केलेला घोटाळा तू निस्तरलास."

"उद्या पोरं येतील," आईने निकाल दिला. "पण पाण्याचा कारभार शंकाकडे. भावोजी, ही सांगेल तेव्हाच नळ सोडायचा!"

आई पोरांच्या पिशव्या हौद्यात चढवू लागली. शंका मात्र आत बसवलेल्या छोट्या वॉशबेसिनखाली डोकं घालून बसली होती.

"काका, एक विचारू? पाणी ठेवायची सोय झाली. पण या बेसिनला खाली नळीच नाही, मग वापरलेलं पाणी कुठे जाणार?"

काकाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी काकाकडे. मग दोघेही नळीचा कापून उरलेला तुकडा शोधू लागले.