इथपर्यंत ऐकलंय, पुढे…

"तुम्ही आत्ता काय दाबलंत?"

पाठीमागून आवाज आला आणि मी खुर्चीतच दचकले. दारात एक उंच तरुण उभा होता. हातात चांगली मोठी छत्री, आणि तरीही निम्मा भिजलेला.

"कीबोर्डवरची ब्रेकची कळ," मी म्हटलं. "पडदा मघापासून नुसता काळा. म्हटलं, मेला की काय."

"मेला नव्हता. हजेरी जुळवत होता." त्यानं शांतपणे चष्मा पुसला. "आता मेला."

शहाऐंशी सालची गोष्ट. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि मी, विशाखा, त्याच्यावर ऑपरेटर. सगळ्या कामगारांची महिन्याची हजेरी जुळवायला त्याला अर्धा दिवस लागायचा, आणि तेवढा वेळ गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. आई म्हणते, या पोरीच्या पायाला भिंगरी हाय. मी तो प्रोग्रॅम इतक्यांदा अर्ध्यावर मारला, की शेवटी साहेबांनी तो लिहिणाऱ्यालाच चेंबूरहून बोलावून घेतलं. तो हा, नागसेन.

"ती कळच काढून टाका," साहेब म्हणाले.

"नको. माणसाला कशाला अडवायचं? आपण प्रोग्रॅमलाच थांबायला शिकवू."

खरं सांगते… तिथंच मी भाळले.

मग तो शेजारी बसून लिहायचा आणि मी मधे मधे बोलायची.

"म्हणजे नक्की काय करणार तो?"

"तुम्ही कळ दाबली, की हातातल्या कामगाराची हजेरी पुरी करेल. कुठवर आलो त्याची खूण ठेवेल. मग विचारेल – थांबू, की पुढे जाऊ? पुढे म्हटलंत, की खुणेपासून पुढे. पहिल्यापासून नाही."

"आणि मी उगीचच दाबली तर?"

"तरी रागावणार नाही."

"तो… की तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं.

पण या शहाण्याला स्वतःला मात्र ते जमत नव्हतं. "विशाखा, मला तुम्हाला…" एवढं म्हणायचा, की आमचा शिपाई पोपट चहा घेऊन हजर. नाहीतर फोन वाजायचा. नाहीतर वीज जायची. आणि सगळं शांत झालं, की हा कपाकडे बघत म्हणायचा, "आज पाऊस जास्त आहे, नाही?"

इकडे माझा जीव टांगणीला. रविवारी मोहोपाड्याचं स्थळ मला बघायला येणार होतं आणि आई मनातून केव्हाच हो म्हणून बसली होती. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं. त्यानं एक ओळ खोडली, तीच परत लिहिली आणि म्हणाला, "अच्छा."

अच्छा काय अच्छा?

गुरुवारी काम संपलं. साहेबांसमोर मी कळ दाबली. प्रोग्रॅमनं विचारलं, मी पुढे म्हटलं, आणि तो जिथं थांबला होता तिथून निमूट पुढे गेला. साहेब खूश. नागसेन माझ्याकडे वळला, "विशाखा, मला तुम्हाला…" आणि साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला जेवायला नेलं. तिथून तो परस्पर पनवेलच्या गाडीला जाणार असल्याचं मला पोपटनं सांगितलं. आता तो परत कशाला येतोय?

मी अर्धी रजा टाकली, टेंपोला हात केला आणि कुंभिवली गाठली. पनवेलच्या गाड्या तिथूनच जातात, आणि तिथंच हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली आई काकड्या विकायला बसते.

"एवढ्यात कशी आलीस गं?"

"अशीच."

"मग बस की जरा."

बसले, उठले, काकड्या इकडच्या तिकडे केल्या. तेवढ्यात वळणावर पनवेलची लाल एसटी दिसली, आणि मी भर पावसात सरळ रस्त्यात जाऊन हात वर केला.

गाडी करकचून थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "कुठं जायचं, बाई?"

"कुठंच नाय. आत एक माणूस हाय, त्याचं बोलणं राहिलंय."

नागसेन दारात आला. मागे खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर.

"विशाखा, मला तुम्हाला…"

"इथपर्यंत ऐकलंय. पुढे."

नेमका एक ट्रक भोंगा वाजवत बाजूनं गेला. आता हा पावसाचं काढणार. पण त्यानं ट्रक जाऊ दिला.

"…मागणी घालायची होती. तुमची हरकत नसेल तर."

"नाही हरकत."

"उतरायचं का जायचं, साहेब?" कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता.

नागसेननं क्षणभर विचार केला आणि त्याची छत्री माझ्या हातात दिली. "जातो. आईला घेऊन रविवारी येतो."

"रविवारी नको. शनिवारी."

"शनिवारी." मग त्यानं आईकडे बघून हात जोडले. "जयभीम, मावशी."

"जयभीम, बाबा," आई बसल्या जागेवरून म्हणाली.

कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली आणि गाडी निघाली. तो दारातच उभा होता, भिजत.

मी आईपाशी आले. ती काकडीला मीठ चोळत होती.

"मोहोपाड्याला निरोप धाडाया पायजे," ती म्हणाली. "आता तरी बस गं."

मी छत्री मांडीवर घेऊन बसले. गाड्या येत होत्या, जात होत्या… मी काही उठले नाही.