निवणारं ताट

शिळं अन्न कसं लागतं, हे मिरजेतल्या मुलांना आता वर्गात समजावून सांगावं लागे. समजावलं तरी त्यांना ते खरं वाटत नसे. घरोघरी ओट्याखाली थांबकप्पा आला होता आणि त्यातून काढलेली महिन्यापूर्वीची पोळी तव्यावरून उतरल्यासारखीच फुगलेली असायची. बायका महिन्यातून दोन दिवस कंबर मोडेपर्यंत रांधत आणि उरलेले दिवस पदर खोचायचं नाव काढत नसत. कप्प्यातला नैवेद्य देवाला चालतो का, यावर मध्यंतरी बरेच वाद झाले. शेवटी देवांचं माहीत नाही, पण पुजाऱ्यांनी होकार दिला.

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मृदुलाबाई आगाशे मात्र एकट्या जिवासाठी रोज दोन वेळा स्वयंपाक करत. कप्पा त्यांच्याकडेही होता, पण रोजचं त्यात त्या काहीच ठेवत नसत. शेजारणी म्हणत, "बाईंचं म्हणजे घरी नळ आणि आडाला फेऱ्या!" बाई नुसत्या हसत.

यंदा ओट्यामागची भिंत ओल धरून फुगली, फरशा निखळल्या आणि स्वयंपाकघर नव्यानं करणं भाग पडलं. बाईंना त्यात एक ओव्हन हवा होता, साधा, काचेच्या दाराचा. नानकटाई फुगताना दिसली पाहिजे, एवढीच त्यांची अट. शिवाय थाळ्या कोमट ठेवायला एखादा खण असला तर उत्तम.

मापं घ्यायला कप्पे आणि ओव्हन बनवणाऱ्या कंपनीतून एक बाई यायची होती. दार उघडलं तर समोर केतकी मगदूम. बाईंच्या वर्गात नकाशे उलटे लावणारी हीच केतकी पुढे काळाच्या गतीवर संशोधन करून डॉक्टर झाली होती.

"अगं, मापं घ्यायला तू कशाला? माणसं नाहीत तुमच्याकडे?"

"नवीन प्रकारचा कप्पा आहे, बाई. सुरुवातीची काही घरं आम्हीच बघतोय. आणि पत्त्यावर तुमचं नाव वाचलं."

केतकीनं ओटा मोजला, मग जमिनीपासून छतापर्यंत टेप लावला. बाई बघत राहिल्या.

"ओव्हन एवढा उंच?"

केतकी थबकली. "चैतन्यनं तुम्हाला सांगितलं नाही?"

चैतन्य बाईंचा एकुलता एक मुलगा. तो पुण्याला असे. नव्या रेल्वेनं दोन तासांचं अंतर.

"तो म्हणाला, आई, सगळं मी निवडतो, तू काळजी करू नकोस. काय निवडलंय त्यानं?"

केतकीनं खुर्ची ओढली. "आधीचे कप्पे लहान होते, कारण मोठ्या जागेतला काळ सगळीकडे सारखा थांबवता येत नव्हता. एका कोपऱ्यात वाफ थांबायची, दुसऱ्यात चालू राहायची. आता ते जमलंय. म्हणून हा खोलीकप्पा. आत एक आरामखुर्ची असते." "माणूस बसू शकतो."

"कोण माणूस?"

"आईवडील. एकटे राहणारे. तुम्ही आत बसायचं, दार आपोआप लागतं. दार उघडतं तेव्हा समोर चैतन्य. मधले महिने तुमच्यासाठी नसतातच. गुडघे झिजत नाहीत, वय वाढत नाही. वाट बघावी लागत नाही."

बाईंना राग आला नाही, हेच त्यांना नवल वाटलं. पोरानं मायेनंच केलं होतं सगळं. केतकीनं दाखवलेल्या कागदावर खुर्चीचं कापडसुद्धा त्यानं त्यांच्या आवडीचं, मोरपंखी निवडलं होतं.

"आणि मला मधेच बाहेर यावंसं वाटलं तर? आतून उघडतो का?"

"तसं वाटायला आत वेळच नसतो, बाई."

केतकीनं विषय बदलावा तसा जुना कप्पा दाखवला. "हा आज बंद करावा लागेल. आत काही आहे?"

"ताट आहे. चैतन्यचं."

आगाशांच्या घरची रीत होती: ज्याच्या नावानं पान वाढलं, तो जेवल्याशिवाय ते उचलायचं नाही. पाच गणपतींमागे चैतन्यचा फोन आला होता, "निघालोच आई, वाढायला घे." बाईंनी ताट वाढलं, मोदकावर तूप सोडलं, तेवढ्यात दुसरा फोन आला, "काम निघालं गं, कप्प्यात ठेव." तेव्हापासून दार उघडलेलं नव्हतं. तो आला तेव्हा आला, पण घाईत, उभ्या उभ्या. ताटाची आठवण केली की म्हणे, "पुढच्या वेळी निवांत जेवतो. खराब थोडंच होतंय?"

केतकी हळूच म्हणाली, "त्या ताटाला अजून कळलेलंही नाही की तो आला नाही."

"मलाही तसंच कळणार नाही, नाही का?"

केतकी टेप गुंडाळू लागली. बाईंनी वर्गात बघत तसं तिच्याकडे पाहिलं. "तुझी आई कशी आहे गं?"

"बरी आहे." केतकी टेप गुंडाळत राहिली. "बसलीय. चाचणीतला पहिला खोलीकप्पा मी तिलाच दिला. चांगली आठवडाभर रजा काढून उघडेन म्हणतेय. दिवाळीत."

"कुठल्या दिवाळीत?"

टेप तिच्या हातातून सुटला आणि सरसर आत गेला. ही दिवाळी तिनं आधीही दोनदा ठरवली होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाईंना तिची फार दया आली. घरी कुणी ताटकळत असलं की माणूस पाय उचलतो. कुणी ताटकळतच नसेल, तर त्याला उशीर होतोय हे सांगणार कोण?

बाई उठल्या आणि त्यांनी कप्प्याचं दार उघडलं.

वाफ वर आली. मोदकाच्या टोकावरून पाच वर्षांपूर्वी निघालेली तुपाची धार आत्ता कुठे खाली ताटात पोचली. बाईंनी ताट ओट्यावर ठेवलं.

"कप्पा बंद कर, केतकी. काढूनच ने. आणि मला तो काचेचा ओव्हन दे."

त्यांनी चैतन्यला फोन लावला. "तुझं ताट बाहेर काढलंय."

"अगं आई, का? परत ठेव ना पटकन!"

"कप्पा काढलाय. खोलीचा नकोय मला. ताट ओट्यावर आहे, निवतंय."

"आई, आज मीटिंग आहे. तू ऐक ना..."

"बरं. मी नुसतं सांगितलं." बाईंनी फोन ठेवला.

केतकी दारापाशी पोचली होती. चहासुद्धा न घेता ती चपला चढवत होती, डाव्या पायातली उजव्यात. "बाई, घरी जाऊन येते," एवढंच ती बोलली आणि जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरली.

बाई ताटासमोर बसल्या. वरणावर साय धरू लागली. तूप कडेनं गोठत आलं. त्यांनी मोदकाला बोट लावून पाहिलं. अजून कोमट होता. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. आता कान जिन्याकडे लागले होते, आणि मृदुलाबाई पाच वर्षांत पहिल्यांदाच मुलाची वाट बघत होत्या.