पाच चाचण्या आणि एक न झालेली सही

ढकलगाडीचं पुढचं चाक सरकारी प्रयोगशाळेच्या रॅम्पच्या फटीत अडकलं ते अडकलंच. गाडीवर दोरीने बांधलेला गॅसचा हीटर, मागे ती, आणि वरून भुरभुर पाऊस... एवढ्या हुडहुडी भरवणाऱ्या थंडीत पाऊस कशाला पडावा, हे त्याचं त्यालाच माहीत. तिने दोनदा जोर लावला, एकदा मनातल्या मनात शिवी घातली, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी गाडीला हात लावला.

"तुम्ही डावीकडून उचला. मी ढकलतो."

करडा स्वेटर, वर सारलेल्या बाह्या, चष्म्यावर थेंबच थेंब. दोघांनी मिळून जोर केला, चाक सुटलं, हीटर दाणकन आपटून सरळ झाला आणि गाडी थेट दारात गेली. चष्म्याला वायपर लावून घ्या, असं ती हसत म्हणाली. त्याला आधी मंजुरी घ्यावी लागेल, असं म्हणून तो हातरुमाल शोधत आत निघून गेला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. हे लक्षात ठेवायचं तिला काही कारण नव्हतं, तरी राहिलं.

दहा मिनिटांनी खिडकीपलीकडे तोच बसला होता. गळ्यात ओळखपत्र, त्यावर हुद्दा – तपासनीस. त्याने तिचा अर्ज वाचला, पान उलटलं आणि पुन्हा पहिल्या पानावर आला.

"वाहतुकीत धक्का बसलेला नमुना चोवीस तास स्थिर ठेवल्याशिवाय तपासता येत नाही," तो म्हणाला. "उद्या या."

"धक्का बसला असं कोण म्हणतं?"

"मी पाहिलंय ना."

"अहो, तुम्ही ढकललात म्हणून बसला."

"हो," तो जरा ओशाळून म्हणाला. "तेही शेऱ्यात लिहिलंय मी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खळीबिळी सगळी त्या आगीत भस्म झाली.

चिडायला कारणही तसंच होतं. सरकारने नवा नियम काढला होता – घरात वापरायच्या प्रत्येक गॅस हीटरची सरकारी प्रयोगशाळेत चाचणी व्हायची. जळलेल्या गॅसमधली निदान शहात्तर टक्के उष्णता खोलीत आली पाहिजे, बाकीची धुरांड्यातून गेली तर चालेल. पुढच्या महिन्यापासून प्रमाणपत्र नसलेला हीटर दुकानात ठेवायचा नाही. तिच्या बाबांचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड आणि आठ माणसं. वर्षभराची कमाई थंडीच्या चार महिन्यांत व्हायची. तयार हीटर ताडपत्रीखाली रांगेने उभे होते. महिना संपायच्या आत प्रमाणपत्र आलं नाही, तर ते तसेच उभे राहणार होते आणि शेडला कुलूप लागणार होतं. बाबा हाताने काम करणारे, त्यांना अर्ज बघितला की घाम फुटायचा. म्हणून हे सगळं लेकीच्या गळ्यात पडलं होतं.

पहिली चाचणी दुसऱ्या दिवशी झाली. काचेच्या बंद खोलीत हीटर सहा तास जळत ठेवायचा, आणि बाहेर बसून आकडे बघायचे. थर्मासमधला चहा तिने शिष्टाचार म्हणून पुढे केला. अर्जदाराकडून काही घेता येत नाही, तो म्हणाला, आणि दोन मिनिटांनी स्वतःचा कप घेऊन शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

"बरोबर बसून पिण्याबद्दल नियमात काही नाही," तो म्हणाला. "मी तपासून आलो."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. संध्याकाळी आकडा आला, एकाहत्तर. कशामुळे कमी पडतंय, असं तिने चांगल्या शब्दांत विचारलं, मग वाईट शब्दांत विचारलं. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. तपासनिसाने अर्जदाराला सल्ला द्यायचा नाही, असं कलम होतं म्हणे.

आठवडाभर खपून तिने आणि कारखान्यातल्या वेल्डिंगवाल्या काकांनी, गरम धूर जास्त वेळ आत फिरावा म्हणून, हीटरच्या पोटात पत्र्याच्या आणखी चार पट्ट्या बसवल्या. दुसऱ्या चाचणीला आकडा मस्त वर गेला. तिसऱ्या तासाला तर ती इतकी खुश झाली की कारखान्यातल्या गमती सांगत सुटली. वेल्डिंगवाल्या काकांनी कामाचा चष्मा कपाळावर चढवून तोच अर्धा दिवस कसा शोधला, हे तिने नक्कल करून दाखवलं. तो नोंदवही मांडीवर उघडी ठेवून हसत राहिला आणि आकडा लिहायला दोन मिनिटं उशीर झाला. मग मात्र काटा उतरायला लागला. शेवटी आले पंचाहत्तर पूर्णांक सहा.

"शहात्तरच झाले की," ती म्हणाली. "जवळपास."

"जवळपासला रकाना नाही."

कारखान्यात त्या दिवसापासून त्याचं नाव दशांश पडलं. आज दशांशने काय छळलं, असं सगळे विचारायचे, आणि ती हातवारे करून सांगायची. जरा जास्तच वेळ सांगायची, हे वेल्डिंगवाल्या काकांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्या दुसऱ्या चाचणीनंतर निघताना तिने दारात त्याला गाठलं. सल्ला नका देऊ, पण माणुसकी म्हणून काही तरी... त्याने इकडे तिकडे पाहिलं. नियमांचं पुस्तक वाचनालयात सर्वांसाठी खुलं असतं, हे सांगायला हरकत नाही, असं तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखा, म्हणाला, "मला स्वतःला पान एक्केचाळीस आवडतं."

पान एक्केचाळीसवर ज्योतीबद्दल लिहिलं होतं. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर हवा कमी पडतेय, काजळी धरतेय, आणि काजळी धरली की उष्णता खोलीत न येता धुरांड्यातून निघून जाते. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. तिने त्याच दिवशी हवेचा स्क्रू फिरवून ज्योत निळी केली, दोनदा खात्री केली आणि तिसऱ्या चाचणीला ताठ मानेने गेली.

आकडा आला पंचाहत्तर पूर्णांक चार. आधीपेक्षाही कमी.

त्या दिवशी ती त्याला काय काय बोलली, हे नंतर आठवून तिचे कान गरम व्हायचे. तुमची यंत्रं खोटी, तुमची पुस्तकं खोटी, तुमचं ते आवडतं पान खोटं. तो सगळं ऐकून घेत होता. मग त्याने हीटर पुन्हा पेटवला, पुढची जाळी काढली, आणि बाजूला उभा राहिला.

आत ज्योत होती. पिवळीधमक.

"मी निळी केली होती," ती हळूच म्हणाली.

"मला काही बोलता येत नाही," तो म्हणाला. आवाज मात्र इतका मऊ होता की तिला रडूच यायला लागलं.

घरी गेल्यावर बाबांनी लगेच कबूल केलं. गाडीवर चढवण्याआधी त्यांनीच स्क्रू फिरवला होता. गेली तीस वर्षं, शेडमधून बाहेर पडणारा एकेक हीटर त्यांनी आपल्या हाताने पिवळा केला होता.

"निळी ज्योत म्हणजे दवाखान्यातला दिवा," ते म्हणाले. "तिच्यासमोर कोण बसेल? पिवळी दिसली की माणूस आपोआप जवळ येतो, खुर्ची ओढतो, दोन शब्द बोलतो. मी नुसती उष्णता नाही विकली कधी."

"आणि लोकांच्या भिंती काळ्या झाल्या, बाबा. आता शेडला कुलूप लागेल."

हे बोलायला नको होतं, असं बोलतानाच तिला वाटलं. बाबा आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा ते हीटरसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी स्वतः स्क्रू फिरवला, ज्योत निळी होईपर्यंत फिरवला, आणि हात पुसले. घेऊन जा, म्हणाले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो थोपटला.

चौथी चाचणी. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक.

तिचा जीव भांड्यात पडला. महिना संपायला तीन दिवस होते. तिला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, आणि असं वाटलं म्हणून ती दोन पावलं मागे सरकली. त्याने खणातून एक कागद काढला. हा फक्त पास झालेल्यांसाठी असतो, म्हणाला. पेनचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं.

"एक अडचण आहे."

"आता काय राहिलं?"

त्याने कागद तिच्याकडे फिरवला. सहीच्या जागेवर छापलेलं होतं – अर्जदाराशी माझा कोणताही व्यक्तिगत हितसंबंध नाही.

"याच्याखाली मला सही करता येत नाही."

"का? तुम्ही आमचे कोण लागता?"

"कोणी नाही. म्हणजे... तुमच्या बाजूने नाही." त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या बाजूने... आहे."

बाहेर कोणीतरी फाइलींची गाडी ढकलत गेलं. त्या गाडीचा खडखडाट पार जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दुसऱ्या चाचणीच्या तिसऱ्या तासापासून."

"आणि तरी मला नापास केलंत? दोनदा?"

"नापास करायला हा फॉर्म लागत नाही."

दुसरी एखादी असती तर लाजली असती. हिला थर्मास फेकून मारावासा वाटला. इतके दिवस ज्या माणसाच्या तोंडून सरळ शब्द निघाला नाही, त्याने तोंड उघडायला नेमका हाच मुहूर्त शोधावा? आज सही करा आणि जे सांगायचं ते उद्या सांगा, ती म्हणाली. त्याने मान हलवली.

"उद्या सांगितलं तर आजची सही खोटी ठरेल. कोणी बोट दाखवलं की प्रमाणपत्र रद्द, आणि बाबांचं नाव खराब होईल. न सांगता राहता आलं असतं तर राहिलो असतो. पण... नाही राहता येत."

आता दुसऱ्या अधिकाऱ्याने पहिल्यापासून चाचणी घ्यायची. दुसऱ्या अधिकारी म्हणजे मॅडम, त्या रजेवर, आणि त्या उगवणार थेट महिन्याच्या शेवटच्या दिवशी. दहाला ऑफिस उघडणार, सहा तासांची चाचणी, पाच वाजता खिडकी बंद. एक तास हातात.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. मग तीही सांगावी लागली, कारण त्याशिवाय गोष्टीचा मेळच लागत नव्हता. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. एवढा सरळ माणूस सापडला आणि तू त्याच्यावर चिडतेस, म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "चिडते."

शेवटच्या दिवशी दहाच्या ठोक्याला मॅडमनी हीटर आत घेतला, काचेवरचा पडदा ओढला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. त्यालाही. त्याने रजा टाकली होती आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला होता. बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये बाबा. आतला आकडा आज त्यालाही कळत नव्हता. दर दहा मिनिटांनी तो घड्याळ बघायचा. अर्जदाराचा जीव कसा टांगणीला लागतो, ते कळू दे जरा, असं तिला वाटलं. पण मग तो फारच पांढरा पडल्यासारखा दिसला, आणि तिने बाबांच्या पाठीमागून थर्मास पुढे केला. त्याने मुकाट्याने चहा घेतला.

बाबा पाय मोकळे करायला उठले, तिसऱ्यांदा.

"तुम्ही... काही बोलला नाहीत," तो म्हणाला.

"प्रमाणपत्र हातात येईपर्यंत माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही. मॅडम तुमच्याच ऑफिसातल्या. उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

तो पुन्हा घड्याळाकडे बघायला लागला.

चार वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. मॅडमनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. सत्याहत्तर पूर्णांक नऊ, म्हणाल्या. सही करून, शिक्का मारून कागद बाबांच्या हातात दिला आणि जाताना त्याला म्हणाल्या की पुढच्या वेळी हितसंबंध सांगायचा असेल तर निदान माझी रजा बघून सांग. बाबांनी कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि कारखान्यात फोन लावायला लांब, अगदी लांब निघून गेले.

तो उभा राहिला.

"आता?"

"आता मला खूप राग आलाय," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा गळा दाबावासा वाटला होता मला."

"साहजिक आहे."

"दोन दिवस झोप नाही. आठ माणसांची काळजी लागली होती म्हणून, असं बाबांना सांगितलं." ती थांबली. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडवला. "ते... अर्धंच खरं होतं."

त्याच्या एका गालाला खळी पडली, आणि या खेपेला ती बराच वेळ तशीच राहिली. मग त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. एक सांगायचं राहिलं, म्हणाला. पुढच्या वर्षी तुम्ही नवं मॉडेल आणाल, ते मला तपासता येणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कधीच नाही.

"जन्मभर?"

"नियमच तसा आहे."

तिने कपाळावर हात मारला. मग बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली.

"मग दर वर्षी सहा तास इथे बसायची सवय करून घ्या," ती म्हणाली. "माझ्या शेजारी."

तो बसला. मध्ये बाबांची जागा सकाळसारखीच सोडून बसला. तिने वैतागून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या स्वेटरची बाही धरून त्याला जवळ ओढलं.