चौथा चौकोन

आमच्या हायस्कूलला मिरवायला दोनच गोष्टी होत्या. एक अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा निकाल आणि दुसरी खो-खो. घोडेगावच्या बाजारापासून चार मैलांवरचं गाव, पत्र्याच्या सात खोल्या, पण तालुक्याची ढाल सहा वर्षं हेडमास्तरांच्या कपाटावरून हलली नव्हती. मी तिथं गणित शिकवायचो आणि खेळही घ्यायचो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायचो, हे आधीच सांगून ठेवतो.

संघाची एक जुनी पद्धत होती. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या खेळाडूची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. आठ चौकोनांपैकी त्याचा चौकोन मोकळा ठेवायचा, आणि रोज सकाळी खेळ सुरू करण्याआधी कर्णधारानं तिथं वाकून, बसलेल्या गड्याच्या पाठीवर द्यावा तसा एक खो द्यायचा. असं केलं की गेलेला गडी खेळात राहतो आणि परीक्षेला परत येतो, असं पोरं मानत. येतही असत बिचारी. मला हसू यायचं, पण त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात चौथा चौकोन मोकळा झाला. तो सहादेवचा. अकरावीत पहिला, खेळातही पहिला, आणि डावखुरा. संगमनेरकडे तोडीला निघाला त्या दिवशी तो माझ्या खोलीवर आला.

"सर, मार्चात परीक्षेला येतोच. तवर माझी जागा ऱ्हाऊ द्या."

"राहील," मी म्हणालो. शब्दच दिला म्हणा ना.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी चुन्याच्या फक्कीनं मैदानावर रेघा मारत होतो. शिंपडायला पाणी कुठलं, घोट्याएवढा फुफाटा साचलेला. चौथ्या चौकोनात दोन तळहातांचे आणि दोन चवड्यांचे ठसे होते, खो-खोत बसल्यावर उमटतात तसे. कुणीतरी चावटपणा केला असेल म्हणून मी ते पायानं पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः माती सारखी केली आणि तिथंच उभा राहिलो.

कर्णधार कारभारी आला, वाकला, "खो" म्हणाला. चौकोनातली माती मागे उडाली. गडी चवड्यांवर जोर देऊन उठला की उडते तेवढीच. वारा अजिबात नव्हता.

"रोजच हुतं, सर," कारभारी खाली बघत म्हणाला. "हुतंय तवर बरं हाय."

मी त्याला गप्प केलं आणि शिट्टी वाजवली. पण त्या दिवशी वर्गात साधं त्रैराशिक माझं दोनदा चुकलं.

अंतिम सामना सव्वीस जानेवारीला आमच्याच मैदानावर होता. आधीचे पंच मोकळ्या चौकोनाकडे कानाडोळा करायचे. या खेपेला नगरहून आलेल्या पंचांच्या हातात नियमांचं पुस्तक होतं. नऊ गडी पुरे करा, नाहीतर ढाल सोडा, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"जाऊ द्या ढाल, सर," कारभारी म्हणाला.

मला राग आला. सहा वर्षांची ढाल माझ्या कारकिर्दीत जाणार, हे मला सोसवेना. राखीव गडी गोरक्ष, पायानं जरा जडच, त्याला मी दंडाला धरून चौथ्या चौकोनात बसवलं. त्या सकाळचा खोही राहून गेला.

"सर, हितली माती गरम लागती," गोरक्ष हळूच म्हणाला. "कुनी आत्ताच उठल्यावानी."

पंचांनी शिट्टी दिली.

गोरक्षनं पाच गडी बाद केले. इतका तो कधी पळाला नव्हता. जन्माचा उजवा पोरगा, पण प्रत्येक खो त्यानं डाव्या हातानं दिला. मला ते दिसलं. टाळ्या चालू होत्या, मीही वाजवल्या.

सामन्यानंतर चौथ्या दिवशी सहादेवची आई, लंकाबाई, एसटीनं शाळेत आली.

"सर, पोरगं उठंना."

"आजारी आहे का?"

"ताप न्हाई, काई न्हाई. रोज सकाळी कोपीम्होरं तुमच्या खेळावानी बसायचा, आन एकदम उठून उसाच्या फडात पळायचा. आमी हसायचो. सव्वीस तारखेला बसला, त्यो बसलाच. सरांनाच बोलवा म्हनतो."

मी तिच्याबरोबर गेलो. तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढे, पाचटाच्या त्या झोपड्यांपुढे, सहादेव चवड्यांवर बसला होता, हात जमिनीला टेकलेले, तोंड पूर्वेला. चौथ्या चौकोनातला गडीही पूर्वेलाच तोंड करून बसतो.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खो."

तो हलला नाही.

"सर," मान न वळवता तो म्हणाला, "माझ्या जागंवर गोरक्ष हाय."

त्याला हे कुणीही सांगितलेलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मला स्वतःची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही. दुसऱ्या सकाळी मी चौथा चौकोन पुन्हा सहादेवसाठी मोकळा ठेवायला सांगितलं. सामन्यानंतर गोरक्ष शाळेत आलेला नव्हता. त्या दिवशी त्याची आई कडूबाई त्याला धरून घेऊन आली.

"दिसभर झोपतंय, आन उठलं की दमल्यालं असतंय," ती म्हणाली.

मी त्याला लांब लिंबाखाली बसवलं.

कारभारी वाकला. "खो."

माती हलली नाही.

मग मी वाकलो. ओरडलो.

"खो!"

कडूबाई किंचाळली म्हणून मी वळलो. लिंबाखालून गोरक्ष उठला होता आणि फाटकाकडे पळत होता. मी आडवा गेलो.

"कुठं निघालास?"

"फडात," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. तळवा चिकट होता. उसाच्या पाचटानं पडतात तशा बारीक, ताज्या चिरा होत्या त्यावर. त्या साली आमच्या शिवारात उसाचं एक टिपरूही नव्हतं.